ठिपकीचे दात

मुलांनो, आमच्या घरात सध्या चपलांचे जोड नाहीत, नुसत्या चपला आहेत. ह्यांची डावी, माझी उजवी, सासूबाईंची पुन्हा डावी. बाकीच्या कुठं गेल्या म्हणता? अहो, ठिपकीच्या दातांखाली!

ठिपकी म्हणजे आमचं गावठी कुत्र्याचं पिल्लू. सगळी पांढरी, एका कानावर तेवढा तपकिरी ठिपका. भर पावसात शाळेच्या व्हरांड्यात कुडकुडत बसली होती. मुलांनी उचलून वर्गात आणली. शाळा सुटल्यावर ती कुणाच्या घरी जाणार यावर इतकं भांडण झालं, की शेवटी मीच तिला पिशवीत घालून घरी नेलं. पहिले काही दिवस काय गुणी बाळ! मग सुरू झालं. आधी पायपुसणं गेलं. मग केरसुणी, लाटण्याचं एक टोक, सासूबाईंच्या चष्म्याचं घर... आणि एका संध्याकाळी तपासायला आणलेल्या तिसरीच्या दोन वह्या कोपऱ्यापासून कुरतडलेल्या! मी शाळेतून आलेल्या थकव्यात होते. खरं सांगते, तिला एक चापट मारली. हे म्हणाले, "बास झालं. रविवारी बाजाराच्या गावी सोडून येतो हिला." धाकटी त्या रात्री जेवलीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तो पायपुसण्यावर रक्ताचे दोन थेंब. पोटात धस्स झालं. काही टोचलं की काय? तशीच तिला घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी तिचा ओठ वर करून पाहिला आणि हसायलाच लागले. "बाई, तुमच्या शाळेतल्या मुलांचे दात कधी पडतात?"

"साधारण पहिलीत."

"ही साडेचार महिन्यांची आहे. हिची पहिली चालू आहे!"

तर गंमत अशी, की तुम्हाला दुधाचे दात २०, तसे पिल्लाला २८. चौथ्या महिन्याच्या आसपास ते पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांचं होईपर्यंत ४२ पक्के दात येतात. या दिवसांत हिरड्या शिवशिवतात, दुखतात. काहीतरी चावलं की बरं वाटतं. शिवाय पिल्लाला हात कुठं असतात? नवी वस्तू दिसली की तुम्ही ती हातात घेऊन बघता, पिल्लू तोंडात घेऊन बघतं. आता त्याला चप्पल आणि लाकूड यांतला फरक कोण सांगणार?

"पण डॉक्टर, रागावलं की कान पाडते, नजर चुकवते. म्हणजे चूक कळते ना तिला?" मी विचारलं. यावर एक प्रयोग झालेला आहे बरं का. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या अमेरिकेतल्या संशोधिकेनं २००९ साली तो प्रसिद्ध केला. १४ कुत्र्यांना त्यांच्या मालकांनी खाऊ दाखवून 'खायचा नाही' असं बजावलं आणि मालक खोलीबाहेर गेले. परत आल्यावर काहींना मुद्दाम खोटंच सांगितलं, की तुमच्या कुत्र्यानं खाऊ खाल्ला. मालक रागावले, की ज्यानं खाऊला तोंडही लावलं नव्हतं तो कुत्रासुद्धा तसाच अपराधी चेहरा करी! म्हणजे तो चेहरा चुकीचा नव्हे, आपल्या रागाचा. सकाळच्या चपलेबद्दल संध्याकाळी मारलं, तर पिल्लाला एवढंच कळतं, की बाई घरी आल्या की मारतात. मला ती चापट फार लागली.

रविवारी ह्यांनी पिशवी काढली तशी धाकटी दाराआड जाऊन उभी राहिली. हे बाजारात गेले. एकटेच. येताना चपला ठेवायला उंच फळी आणि ठिपकीला एक जाड रबरी कडं घेऊन आले. कुणी काही बोललं नाही.

आता आमच्याकडे जमिनीवर काही पडलेलं नसतं. चार्जर तर वापरून झाला की लगेच वर. वीज चालू असताना वायर चावली तर पिल्लाच्या जिवाशी खेळ. चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे, कांदा, लसूणही तिच्यापासून लांब, कारण हे सगळं कुत्र्याला बाधतं. जुन्या पंच्याला गाठी मारून, ओला करून बर्फाच्या कप्प्यात ठेवतो आणि आमच्यासमोरच तिला चघळायला देतो. जुनी चप्पल मात्र देऊ नका हं! जुनी कुठली, नवी कुठली, तिला काय ठाऊक? तिनं काही पळवलंच, तर मागे धावू नका, तिला तो पळापळीचा खेळ वाटतो. तिच्या आवडीची दुसरी वस्तू पुढे करा, की पहिली आपोआप सुटते.

आणि हो, पिल्लाचा दात खेळताना जरी लागला, तरी घरी लपवायचं नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवायची आणि लगेच डॉक्टरांकडे जायचं. हळद, चुना काही लावायचं नाही. रेबीजशी थट्टा नको. धाकटीच्या बोटाला ओरखडा उठला तेव्हा रडारड झाली, पण इंजेक्शनं घेतलीच.

त्या दोन वह्यांच्या बदल्यात मी मुलांना नव्या वह्या दिल्या. एकीनं घेतली. दुसऱ्यानं मात्र जुनीच मागितली. ठिपकीच्या दातांची खूण त्याला घरी आजीला दाखवायची होती.