औद्योगिक पंपाची दुरुस्ती : थांबलेला पंपही धोकादायक का ठरतो?

पंप बंद केला की धोका टळला, असा समज अनेक कारखान्यांत आढळतो. वास्तविक पंप खोलण्यापूर्वीची सर्वांत महत्त्वाची कामे तो थांबल्यानंतरच सुरू होतात. ती अपुरी राहिल्यास काय घडू शकते, याचे सर्वांत दारुण उदाहरण म्हणजे उत्तर समुद्रातील 'पायपर अल्फा' या तेलफलाटावर ६ जुलै १९८८ रोजी झालेला स्फोट. त्यात १६७ जणांचा मृत्यू झाला. या दुर्घटनेची सुरुवात देखभालीसाठी बंद ठेवलेल्या एका पंपापासून झाली होती.

स्कॉटलंडमधील ॲबर्डीनच्या ईशान्येस सुमारे १९० किलोमीटरवर हा फलाट होता. नैसर्गिक वायूपासून वेगळे होणारे कंडेन्सेट हे ज्वालाग्राही द्रव पुढे ढकलण्यासाठी तेथे 'ए' आणि 'बी' असे दोन पंप होते. त्या दिवशी 'ए' पंप देखभालीसाठी बंद करण्यात आला आणि त्याच्याशी जोडलेली सुरक्षा झडप तपासणीसाठी काढून नेण्यात आली. सायंकाळपर्यंत झडप परत बसली नाही. तिच्या जागी तात्पुरते आंधळे झाकण, म्हणजे ब्लाइंड फ्लँज, लावण्यात आले.

या एकाच पंपासाठी कामाचे दोन स्वतंत्र परवाने होते, एक पंपाच्या देखभालीचा आणि दुसरा झडपेचा. रात्री पावणेदहाच्या सुमारास 'बी' पंप अचानक बंद पडला व पुन्हा सुरू होईना. रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यांना पंपाच्या देखभालीचा परवाना ठाऊक होता. ते काम प्रत्यक्षात सुरूच झाले नसल्याने 'ए' पंप वापरण्यास हरकत नाही, असे त्यांना वाटले. झडप काढल्याची माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. झडपेची जागा पंपापासून काही मीटर उंच असल्याने पंपाजवळून ती सहज दिसतही नव्हती. 'ए' पंपात दाब येताच झाकणाच्या सांध्यातून कंडेन्सेट बाहेर पडले आणि दहाच्या सुमारास पहिला स्फोट झाला, असा निष्कर्ष लॉर्ड कलन यांच्या चौकशीत निघाला. आग विझवण्याचे पंपही स्वयंचलित व्यवस्थेवर नव्हते. समुद्रात उतरलेले पाणबुडे त्यांच्या तोंडाशी ओढले जाऊ नयेत म्हणून ते हाताने सुरू करण्याच्या स्थितीत ठेवलेले होते. एका सुरक्षिततेसाठी केलेली तजवीज दुसरीच्या आड आली, ती अशी.

पंप खोलताना पहिला प्रश्न विजेचा. नियंत्रण कक्षातील बटण दाबून पंप थांबतो, पण वीजपुरवठा तुटत नाही. टाकीतील पातळी किंवा वाहिनीतील दाब घटताच असा पंप आपोआप सुरू होऊ शकतो. म्हणून मुख्य स्विच बंद करून त्यास कुलूप लावणे आणि नाव व कारण लिहिलेली पाटी अडकवणे आवश्यक असते. पंपावर काम करणाऱ्या प्रत्येकाचे कुलूप वेगळे असावे आणि किल्ली त्याच्याच खिशात असावी. त्यानंतर सुरू करण्याचे बटण एकदा दाबून पाहावे. पंप हलला नाही, तरच योग्य स्विच बंद झाला असे मानता येते. एकाच पॅनेलवर शेजारी-शेजारी असलेल्या सारख्या दिसणाऱ्या स्विचांची गफलत याच चाचणीत उघड होते.

दुसरा प्रश्न आतील द्रवाचा. शोषण व निर्गम वाहिन्यांच्या मोठ्या झडपा सर्वांच्याच लक्षात राहतात. बारीक नळ्या मात्र विसरल्या जातात. सीलला थंड ठेवणारी, पंप आधीच गरम करणारी किंवा किमान प्रवाहाची वळणवाहिनी यांपैकी एक जरी उघडी राहिली, तरी दाब परत येतो. उलट प्रवाह रोखणारी नॉन-रिटर्न झडप ही दुरुस्तीपुरती अडवणूक मानता येत नाही, कारण ती गळू शकते. द्रव गरम, आम्लयुक्त किंवा ज्वालाग्राही असल्यास दोन्ही बाजूंना आंधळ्या पट्ट्या बसवणे हाच खात्रीचा उपाय होय. दाबमापकाचा काटा शून्यावर आला म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण त्याची नळी गाळाने तुंबलेली असू शकते. निचरा व हवा सोडण्याच्या तोट्या उघडून खात्री करावी लागते. फ्लँजचे बोल्ट सैल करताना आपल्यापासून दूरच्या बाजूचे आधी सैल करावेत, म्हणजे अडकलेला द्रव उडाला तरी तो अंगावर येत नाही.

दुरुस्तीनंतर पंप जोडतानाही सावधगिरी लागते. मोटारीच्या तारा बदलल्या असतील, तर कपलिंग सोडवून फिरण्याची दिशा तपासावी. काही अपकेंद्री पंपांत इंपेलर दांड्यावर आट्यांनी बसवलेला असतो. उलट फिरल्यास तो सुटून आवरणावर आदळतो. कपलिंगवरील जाळी पूर्ववत बसवल्याशिवाय वीज जोडू नये. दोन्ही बाजूंच्या झडपा बंद असताना पंप चालत राहिल्यास मोटारीची शक्ती आतील द्रवास तापवत राहते. पाण्याचे पंपही या कारणाने फुटले आहेत.

लॉर्ड कलन यांचा अहवाल १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १०६ शिफारशी होत्या आणि परवाना पद्धतीवर मोठा भर होता. भारतात तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाची स्थापना १९८६ मधली, आणि कामाच्या परवान्यासाठी त्याचे स्वतंत्र मानक आहे, क्रमांक १०५. पाळी बदलताना वहीतील नोंदीवर न थांबता जाणाऱ्या व येणाऱ्या कर्मचाऱ्यांनी पंपापाशी एकत्र जाऊन काय काढले आहे, काय बसवायचे राहिले आहे, हे पाहणे इष्ट. एकाच यंत्रावर दोन परवाने असतील, तर प्रत्येकावर दुसऱ्याचा क्रमांक लिहावा आणि दोन्ही बंद झाल्याखेरीज कुलूप काढू नये.