तारापूरच्या अणुभट्टीची तपासणी कशी होते? आणि भंडाऱ्याने त्यातून काय घ्यावे?

अणुवीज केंद्राचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, 'काही झाले तर?' त्याहून उपयोगाचा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. काही होऊ नये म्हणून ते केंद्र रोज तपासते कोण? आणि दोष सापडला तर ते बंद करायला लावण्याचा अधिकार कोणाकडे असतो?

भंडारा जिल्ह्यात अणुवीज केंद्र नाही. पण तपासणीचा प्रश्न या जिल्ह्याला नवा नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात अर्भक कक्षाला आग लागली. कक्षातील १७ बाळांपैकी १० दगावली, ७ वाचली. २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला आणि त्याच दिवशी ८ कामगारांच्या मृत्यूची बातमी आली. एक रुग्णालय, दुसरा दारूगोळ्याचा कारखाना. दोन्ही घटनांचे स्वरूप पूर्ण वेगळे. पण नंतर लोकांनी विचारलेला प्रश्न एकच होता : आधी तपासणी झाली होती का?

तपासणी म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यायचे तर राज्याच्या दुसऱ्या टोकाला, पालघर जिल्ह्यातील तारापूरला जावे लागेल.

तारापूरमध्ये नेमके काय आहे?

तारापूर हे देशातील पहिले अणुवीज केंद्र. पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या बनावटीच्या असून त्यांतून ऑक्टोबर १९६९ मध्ये व्यावसायिक वीजनिर्मिती सुरू झाली. पुढे त्यांची क्षमता कमी करून प्रत्येकी १६० मेगावॉट ठेवण्यात आली. त्यांच्या शेजारी देशी बनावटीच्या, प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या आणखी दोन अणुभट्ट्या २००५ आणि २००६ मध्ये सुरू झाल्या. चारही भट्ट्या 'न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशन' ही सरकारी कंपनी चालवते.

कोळशाच्या आणि अणुवीज केंद्रात एक मोठा फरक आहे. कोळसा टाकणे थांबवले की आग विझत जाते. अणुभट्टी बंद केली तरी आतले इंधन तापतच राहते. बंद केल्या क्षणी पूर्ण क्षमतेच्या सुमारे ६ ते ७ टक्के उष्णता तयार होत असते. एका दिवसानंतर ती १ टक्क्याच्या खाली येते, पण शून्य होत नाही. म्हणजे भट्टी बंद असली तरी पाणी फिरते राहिले पाहिजे, पंप चालले पाहिजेत आणि पंपांना वीज मिळाली पाहिजे. जपानमधील फुकुशिमात मार्च २०११ मध्ये भूकंपानंतर चालू भट्ट्या ठरल्याप्रमाणे बंद झाल्या होत्या. त्सुनामीच्या पाण्याने आपत्कालीन डिझेल जनरेटर बुडाले आणि थंड करण्याची साखळी तुटली.

म्हणून अणुवीज केंद्राच्या तपासणीत भट्टीइतकेच महत्त्व डिझेल जनरेटर, बॅटऱ्या, झडपा आणि केबल यांना असते.

तपासणी कोण करते?

पहिली तपासणी केंद्राचे स्वतःचे कर्मचारी करतात. त्यांच्यावर देखरेख असते ती अणुऊर्जा नियामक मंडळाची. १५ नोव्हेंबर १९८३ रोजी स्थापन झालेल्या या मंडळाचे मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे.

केंद्राला मिळणारा परवाना कायमचा नसतो. तो जास्तीत जास्त ५ वर्षांचा असतो आणि नूतनीकरणाच्या वेळी आधीच्या काळातील कामगिरी तपासली जाते. याशिवाय दर १० वर्षांनी सविस्तर सुरक्षा आढावा होतो. केंद्र उभारले तेव्हाच्या नियमांत बसते का, एवढेच त्यात पाहत नाहीत. आजच्या नियमांच्या तुलनेत ते कुठे कमी पडते, हेही पाहतात.

याचा परिणाम तारापूरमध्येच दिसतो. जुन्या दोन भट्ट्यांच्या आढाव्यानंतर २००५-०६ मध्ये त्या बंद ठेवून मोठे बदल करण्यात आले. अधिक क्षमतेचे तीन नवे डिझेल जनरेटर बसवले गेले. दोन्ही भट्ट्यांची वीजव्यवस्था एकमेकींपासून वेगळी करण्यात आली. मुख्य नियंत्रण कक्ष वापरता आला नाही तर पर्याय म्हणून पूरक नियंत्रण कक्ष उभारला गेला. यातला एकही बदल अपघात झाला म्हणून केलेला नव्हता.

चालू केंद्रात काय पाहतात?

मोठे कोडे असते ते एरवी बंद असणाऱ्या यंत्रांचे. डिझेल जनरेटर वर्षभर उभा असतो. ज्या दिवशी बाहेरची वीज जाईल, त्या दिवशी तो काही सेकंदांत सुरू झाला पाहिजे. त्यासाठी एकच उपाय : ठरलेल्या दिवशी तो सुरू करून बघायचा. हेच आपत्कालीन पंप, झडपा, बॅटऱ्या, धोक्याच्या घंटा आणि भट्टी बंद करणाऱ्या यंत्रणेलाही लागू होते.

कोणती चाचणी किती दिवसांनी घ्यायची, हे लेखी ठरलेले असते. ठरावीक यंत्र ठरावीक मुदतीत दुरुस्त झाले नाही, तर भट्टी बंद करावी लागते. 'सध्या मागणी जास्त आहे, पुढच्या आठवड्यात बघू' हा निर्णय पाळीवरच्या अभियंत्याच्या हातात ठेवलेलाच नाही.

केंद्र बंद करून काय तपासतात?

काही गोष्टी भट्टी चालू असताना पाहताच येत नाहीत. त्यासाठी ठरावीक काळाने नियोजित बंद घेतला जातो. देशी बनावटीच्या भट्ट्यांमध्ये तो साधारण दर दोन वर्षांनी असतो.

तारापूरच्या ५४० मेगावॉटच्या प्रत्येक भट्टीत ३९२ इंधन वाहिन्या आहेत. त्यांच्या नळ्या प्रचंड दाब, उष्णता आणि किरणोत्सर्ग सहन करत हळूहळू वाकतात, लांब होतात, पातळ होतात. माणूस तिथे जाऊ शकत नाही. म्हणून दूरनियंत्रित यंत्र आत पाठवून ध्वनिलहरींच्या आणि विद्युत प्रवाहाच्या साहाय्याने नळीची जाडी आणि सूक्ष्म भेगा तपासतात. गरोदरपणात सोनोग्राफी होते, त्याच तत्त्वावर धातूची सोनोग्राफी. मागच्या वेळची नोंद शेजारी ठेवून बदल मोजला जातो. आज नळी ठीक आहे का, हा एक प्रश्न. पुढच्या बंदपर्यंत ती टिकेल का, हा खरा प्रश्न.

जुन्या दोन भट्ट्या २०२० मध्ये दीर्घ दुरुस्तीसाठी बंद करण्यात आल्या. भट्टीतले पाणी फिरवणाऱ्या मुख्य नळ्या बदलणे हे त्यातले मोठे काम. ते काही महिन्यांत उरकणारे नव्हते. वर्षानुवर्षे वीजविक्री बुडते, हे माहीत असूनही भट्ट्या बंद ठेवाव्या लागल्या.

दुरुस्ती करणाऱ्या माणसाचे काय?

कोणीही पाना घेऊन थेट कामाला लागू शकत नाही. आधी कामाचा परवाना निघतो. ज्या यंत्रावर काम आहे, त्याची वीज, पाणी, वाफ तोडली जाते आणि तिथे पाटी लावली जाते. ती पाटी परवानगीशिवाय काढता येत नाही. काम झाल्यावर चाचणी घेऊनच यंत्र परत सेवेत येते.

कर्मचाऱ्याच्या छातीवर किरणोत्सर्ग मोजणारा बिल्ला असतो. भारतातील मर्यादा ५ वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट अशी आहे. जास्त किरणोत्सर्गाच्या जागी जायचे असेल तर आधी हुबेहूब प्रतिकृतीवर सराव करतात. सरावाने हात बसला की आत थांबण्याचा वेळ कमी होतो.

एवढे असूनही चुका झाल्या का?

झाल्या. ३१ मार्च १९९३ रोजी उत्तर प्रदेशातील नरोरा केंद्रात टर्बाइनचे पाते तुटले, हायड्रोजन गळला आणि आग लागली. मुख्य आणि पर्यायी वीजपुरवठ्याच्या केबल पुरेशा आडोशाशिवाय एकत्र नेलेल्या होत्या. दोन्ही जळाल्या आणि केंद्र सुमारे १७ तास अंधारात गेले. कर्मचाऱ्यांनी भट्टी बंद केली आणि डिझेलवर चालणाऱ्या अग्निशमन पंपांनी पाणी पुरवून तिला सांभाळले. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही. पण कागदावर दोन असलेल्या व्यवस्था एकाच मार्गाने जात असतील तर त्या एकच असतात, हा धडा मिळाला.

११ मार्च २०१६ रोजी गुजरातमधील काकरापारमध्ये इंधन वाहिनीतून गळती झाली. पुढच्या तपासात नळीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर गंज आढळला. नेहमीच्या तपासणीचे लक्ष ज्या दोषांवर होते, त्यात हा गंज बसत नव्हता. तपासणी नियमित असली तरी ती योग्य जागी पाहते आहे का, हे पुन्हा पुन्हा विचारावे लागते.

तपासणाऱ्यालाही कोणी तपासते का?

नियामक मंडळावर सर्वांत गंभीर आक्षेप आला तो भारताच्या महालेखापरीक्षकांकडून, २०१२ मध्ये. ज्या अणुऊर्जा व्यवस्थेवर नजर ठेवायची, तिच्याच वरिष्ठांना मंडळ उत्तरदायी आहे, मग ते स्वतंत्र कसे, असा त्याचा आशय होता. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या 'शांती' कायद्याने मंडळाला वैधानिक दर्जा दिला. त्याच कायद्याने खासगी कंपन्यांसाठी हे क्षेत्र खुले केले. म्हणजे मंडळाचे काम आता वाढणार आहे. नवा दर्जा कितपत खरा, हे एखादी मोठी भट्टी बंद करायला सांगण्याची वेळ येईल तेव्हा कळेल.

भंडाऱ्याशी याचा संबंध काय?

थेट संबंध आहे. तारापूरवर देखरेख करणारे हेच मंडळ भंडारा, तुमसर, साकोली, पवनीतील प्रत्येक एक्स-रे आणि सीटी स्कॅन केंद्रालाही परवाना देते. महालेखापरीक्षकांच्या त्याच अहवालानुसार तेव्हा देशातील ५७,४४३ वैद्यकीय एक्स-रे यंत्रांपैकी फक्त ५,२७० मंडळाकडे नोंदलेली होती. ९१ टक्के यंत्रे नोंदणीविना चालू होती. नंतर परवान्याची प्रक्रिया 'ई-लोरा' या ऑनलाइन प्रणालीवर आली.

आगीबाबतही नियम जुना आहे. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतील अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, द्यावे लागते. म्हणजे तारखाही ठरलेल्या आहेत. भंडाऱ्याच्या आगीनंतर राज्यभर रुग्णालयांचे अग्निसुरक्षा ऑडिट करण्याचे आदेश निघाले. तरी त्याच वर्षी विरार आणि अहमदनगरच्या रुग्णालयांत अतिदक्षता विभागाला आगी लागून रुग्ण दगावले.

तारापूरला लागणारा पैसा आणि मनुष्यबळ जिल्हा रुग्णालयाला मिळणार नाही. पण तिथल्या चार गोष्टींना फारसा खर्च लागत नाही. तपासणारा आणि चालवणारा वेगळा असावा. यंत्र फक्त बघू नये, चालवून बघावे. दोष मुदतीत दुरुस्त झाला नाही तर काय बंद होणार, हे आधीच लिहिलेले असावे. आणि छोटी ठिणगी, छोटी गळती यांचीही नोंद व्हावी.

वाचक स्वतः काय पाहू शकतात?

• एक्स-रे केंद्रात मंडळाचा परवाना आहे का, हे विचारा. दारावर किरणोत्सर्गाचे चिन्ह, लाल दिवा आणि गर्भवतींसाठी सूचना असायला हवी.
• यंत्र चालवणाऱ्याच्या अंगावर मोजमापाचा बिल्ला आहे का, पाहा. गर्भवती असाल किंवा तशी शक्यता असेल तर एक्स-रेआधी सांगा.
• रुग्णालय, मंगल कार्यालय, शिकवणी वर्ग : अग्निसुरक्षेचे शेवटचे प्रमाणपत्र कोणत्या महिन्याचे आहे, ते विचारा. जानेवारी किंवा जुलै हे उत्तर अपेक्षित आहे.
• अग्निशामक नळकांड्यावरची तारीख वाचा. बाहेर पडण्याचे दुसरे दार कुलूपबंद तर नाही ना, तेही पाहा.
• सरकारी इमारतीच्या तपासणीचा अहवाल माहिती अधिकारात मागता येतो. मागताना 'तपासणी झाली का?' एवढेच विचारू नका. 'किती दोष निघाले आणि त्यांपैकी किती दुरुस्त झाले?' असे विचारा.