कुलूपबंद घर आणि कोवळी रोपं

सांगली जिल्ह्यातल्या विट्याच्या आसपासची, सोनं-चांदी गाळण्याचा धंदा करणारी गलाई कुटुंबं देशभर विखुरलेली आहेत. मे महिन्यात ती गावी येतात, परड्यात आंबा, लिंबू, शेवगा लावतात आणि शाळा सुरू व्हायच्या आत घराला कुलूप लावून परत जातात. विट्यातच राहणारेही सुट्टीत कोकणात नाहीतर पाहुण्यांकडे जातात आणि गच्चीवर मिरची-वांग्याची रोपं मागे राहतात. परतल्यावर बहुतेकदा काड्याच दिसतात. दोष उन्हावर जातो, पण बरीच रोपं आपल्या चुकीच्या समजुतींमुळेच मरतात.

सगळ्यांत घट्ट समजूत ही, की निघताना कुंडी तुडुंब भरली की आठवडा निघतो. माती ठरावीक पाणीच धरते, उरलेलं तळाच्या भोकातून जातं. भोक बुजलेलं असेल किंवा कुंडी पाण्याच्या थाळीत ठेवली असेल, तर पाणी मातीतली हवा हुसकावतं. मुळांना श्वास घेता येत नाही आणि जमिनीतल्या बुरशीला रान मोकळं होतं. कोवळं रोप बुडाशी बारीक होऊन आडवं पडतं, यालाच आपण मर म्हणतो. तेव्हा पाणी साठवायच्या मागे न लागता रोपाचा पाण्याचा खर्च कमी करावा. कुंड्या तापलेल्या स्लॅबवरून उतरवून घराच्या पूर्वेला, एकमेकींना चिकटून ठेवाव्यात. वर हिरवी जाळी, मातीवर उसाचं पाचट. लागलेल्या मिरच्या, फुलं आधीच काढून घ्यावीत. अंधाऱ्या बंद खोलीत मात्र ठेवू नयेत, रोपं उजेडासाठी लांबट आणि लेचीपेची होतात.

प्लास्टिकची पिशवी घालून रोप झाकायची युक्ती खोटी नाही, पण अर्धवट ऐकलेली आहे. लंडनचे डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांनी १८३३ साली काचेच्या बंद पेट्यांतून सिडनीला झाडं पाठवली आणि महिनोन्‌महिन्यांच्या समुद्रप्रवासात ती जगली, कारण पानांतून उडालेली वाफ काचेवर पाणी होऊन पुन्हा मातीत उतरत होती. हे सावलीच्या उजेडात जमतं. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या उन्हात त्याच पिशवीत रोप शिजतं.

बाटलीला भोक पाडून उलटी खोचली, तर ती बऱ्याचदा काही तासांतच रिकामी होते. त्यापेक्षा सुती कापडाची जाड वात बरी: एक टोक बादलीच्या तळाशी, दुसरं कुंडीच्या मातीत खोल, बादली थोडी उंचावर. वात आधी भिजवून घ्यायची आणि निघण्यापूर्वी दोन-तीन दिवस चालवून बघायची.

परड्यातल्या रोपाला मडक्यासारखा सोबती नाही. चीनच्या फान शंगझी यांच्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीग्रंथात पुरलेल्या मडक्याभोवती खरबुजाचे वेल लावायची रीत आहे. रंग न दिलेलं, भाजलेलं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं. भोवतीची माती कोरडी झाली की पाणी जास्त पाझरतं, ओली असली की कमी. तोंडावर झाकण हवंच, नाहीतर डास होतात. पण मडकं काही महिनाभर पुरत नाही, भावकीतल्या कुणीतरी येऊन ते भरावंच लागतं. तशी सोय नसेल, तर मे महिन्यात रोप जमिनीत लावूच नये. रोपवाटिकेच्या पिशवीतच शेजाऱ्यांकडे सावलीत ठेवावं आणि चांगला पाऊस झाल्यावर त्यांनाच लावायला सांगावं.

निघायच्या आदल्या दिवशी खत घालण्याची किंवा कुंडी बदलण्याची घाई अनेकजण करतात. खतामुळे कोरड्या मातीत मुळं भाजतात आणि कुंडी बदलताना तुटलेली मुळं पुरेसं पाणी ओढू शकत नाहीत. ही कामं पंधरा दिवस आधी उरकावीत. ट्रेमधली रोपंही तेव्हाच कुंडीत हलवावीत, कारण रोपवाटिकेच्या ट्रेमधल्या इवल्या खळग्यात तर उन्हाळ्याचा एक दिवसही निभत नाही.

शेजारच्या काकूंना 'रोज पाणी घाला' असं सांगून जाऊ नये. बोट दोन पेरं मातीत घालून बघा, कोरडं लागलं तरच घाला, असं सांगावं. पाणी सकाळचं, कारण दुपारी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हाताला चटका देण्याइतकं तापतं.

परत आल्यावर रोप मलूल दिसलं, तरी आधी मातीला हात लावावा. कोरडी असेल तर थोडं थोडं पाणी द्यावं. ओली असूनही पानं लोंबत असतील, तर मुळं कुजलेली असण्याची शक्यता जास्त, तिथे पाणी थांबवून माती हलकेच मोकळी करावी.