बोटानच्या अमिराचे बुडीत खाते

राज्य गेले की सारे खापर फितुरावर फोडून मोकळे व्हायचे, ही इतिहास सांगण्याची सोपी रीत. बोटानचा कुर्दी अमीर बेदिरखान बेग याची गोष्टही अशीच सांगितली जाते. मी मात्र जन्मभर बँकेत कर्जप्रकरणे तपासली. खाते एका दिवसात बुडत नाही, मागची पाने उलटावी लागतात.

टायग्रिसकाठचे जझिरा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातले जिझ्रे, ही बोटानची राजधानी. कुर्दी अमीर नावाला ऑटोमन सुलतानाचे मांडलिक. आपल्या डोंगरांत तेच राजे. १८३९ साली ‘तंझिमात’ सुधारणा जाहीर झाल्या. आता करवसुली आणि सैन्यभरती सरकार थेट करणार होते. १८४२ मध्ये जझिरा मोसुल प्रांताला जोडायचे ठरले. उरलेले बोटान दियारबकीरकडेच. कागदावरच्या एका रेघेने संस्थानाचे दोन तुकडे! बेदिरखानने विरोध केला, शेजारच्या अमिरांची जूट बांधली. त्याच्या मुलखातला कडक बंदोबस्त १८४६ साली भेटीस आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनीही नोंदवला.

पण याच माणसाच्या फौजांनी १८४३ आणि १८४६ मध्ये हक्कारीच्या डोंगरांतल्या नेस्टोरियन ख्रिश्चनांची कत्तल केली. हजारो माणसे मेली. युरोपातून सुलतानावर दबाव आला आणि त्याला हवे ते निमित्त मिळाले. १८४७ मध्ये उस्मान पाशा फौज घेऊन आला. बेदिरखानच्याच घराण्यातला यझदानशेर त्याला मिळाला. अमीर शरण गेला, क्रीट बेटावर हद्दपार झाला आणि पुढे दमास्कसला वारला. यझदानशेरच्याही हाती राज्य टिकले नाही. क्रिमियन युद्धाच्या काळात त्यानेही बंड केले आणि तेही मोडले.

साम्राज्य आज ना उद्या चालून आलेच असते, हे खरे. पण स्वतःच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्याने दुबळ्या शेजाऱ्याच्या जिवाची किंमत शून्य धरली. मग त्याच्या बाजूने बोलणार कोण? माझ्या मते फितुरी ही या खात्यातली केवळ शेवटची नोंद.

घराण्याने पुढे वेगळे भांडवल उभे केले. १८९८ साली बेदिरखानचा मुलगा मिकदाद याने कैरोत ‘कुर्दिस्तान’ हे पहिले कुर्दी वृत्तपत्र काढले. नातू जेलादेत याने १९३२ साली दमास्कसला ‘हावार’ नियतकालिक सुरू करून कुर्दी भाषेसाठी रोमन लिपी बसवली. तुर्कस्तान आणि सिरियातले कुर्द आजही तीच लिहितात. तलवारीने राखलेले बोटान गेले. अक्षरांनी कमावलेले कोणा पाशाला जप्त करता आले नाही.