बर्फातले खुराडे

‘ब्रह्मा’ नावाची कोंबडी म्हटली की मराठी माणसाला ती आपल्याकडचीच वाटणार. नाव ब्रह्मपुत्रेवरून पडले हे खरे, पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत ही जात घडली ती मुख्यतः शांघायहून आलेल्या पक्ष्यांपासून. ‘कोचीन’चीही तीच गत. केरळातल्या कोचीशी तिचे काही नाते नाही, तीही चीनचीच. त्या काळी अमेरिकेत आणि इंग्लंडात कोंबड्यांचे असे खूळ पसरले होते, की जॉर्ज बर्नहॅम नावाच्या धूर्त व्यापाऱ्याने 1852 मध्ये नऊ पक्षी थेट व्हिक्टोरिया राणीला नजर केले आणि घरबसल्या जाहिरात करून घेतली.

नावाला आणि रूपाला भुलणे आजही सुटलेले नाही. मिनेसोटा किंवा ऑन्टारिओसारख्या थंड मुलखात वसंत आला की पशुखाद्याच्या दुकानांत पिवळ्याधमक पिल्लांच्या पेट्या लागतात. मुले हट्ट धरतात, आईवडील विरघळतात आणि घरची पहिली कोंबडी ठरते ती चित्रात गोड दिसते म्हणून. जानेवारीत पारा शून्याखाली वीस अंशांवर गेला की मग धावपळ.

पहिली धावपळ दिव्याची. पिल्लांना ऊब लागते, म्हणून मोठ्या कोंबड्यांनाही खुराड्यात तापता दिवा हवा, असे बहुतेक नवख्यांना वाटते. कोंबडीच्या शरीराचे तापमान 41 अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि पिसांखालची मऊ लव हवा धरून ठेवते. रात्री ती अंग फुगवते, पाय पोटाखाली घेते, चोच पंखात खुपसते. पूर्ण पिसे आलेली धडधाकट, थंडी सोसणाऱ्या जातीची कोंबडी एवढ्यावर हिवाळा काढते. उलट 250 वॅटचा दिवा वाळल्या भुशात पडला, तर खुराडे पेटायला वेळ लागत नाही. अशा आगी दर हिवाळ्यात लागतात. वीज खर्चायचीच असेल तर पाणी गोठू नये म्हणून खर्चावी.

दुसरी चूक याहून वाईट, कारण ती मायेपोटी होते. फटी बुजवायच्या, झरोके बंद करायचे, वर प्लास्टिक ताणायचे! कोंबड्यांच्या श्वासाची आणि विष्ठेची वाफ मग आतच कोंडते, भिंतींवर दव धरते, अमोनियाने डोळे चुरचुरतात आणि ओलसर तुऱ्याला हिमदंश होऊन त्याची टोके काळी पडतात. कोंबडीला खरी बाधते ती ओल. वारा अंगावर न येता वरच्या झरोक्यातून दमट हवा बाहेर जायला हवी. बसायची दांडीही गोल काठीऐवजी चार इंच रुंदीची सपाट पट्टी असावी, म्हणजे पायाची बोटे पोटाखाली झाकली जातात.

जात निवडताना पाहायचा तो तुरा. लेगहॉर्नचा उंच, पातळ, लालभडक तुरा भूमध्य सागराकाठच्या हवेला शोभतो. बर्फात तोच आधी गारठतो. क्युबेकमधल्या ओका मठातले ब्रदर विल्फ्रिड शातलँ यांनी 1908 मध्ये नेमके हेच हेरले आणि कॅनडाच्या हिवाळ्यासाठी नवी जात घडवायला घेतली. पाच जातींच्या संकरातून ‘शॉन्टक्लेअर’ तयार झाली. बारीकशा गादीसारखा तुरा, चोचीखालच्या लाल पाळ्या जवळजवळ नाहीतच. त्या पाचांतली एक कॉर्निश, आणि कॉर्निशमध्ये आपल्या असीलचे रक्त. म्हणजे खरा भारतीय धागा शोधायचाच तर तो ब्रह्मापेक्षा इथे सापडतो. ही कोंबडी मोकळी फिरती असेल तर शांत असते, डांबून ठेवली तर चिडते.

ओहायोत नेटी मेटकाफ यांनी घडवलेली ‘बकाय’ तर माणसाच्या पायांत घुटमळणारी आणि उंदरांचा फडशा पाडणारी. वायनडॉटचा तुरा चपटा, ब्रह्माचा वाटाण्याएवढ्या गाठींचा, म्हणून दोन्ही थंडीला बऱ्या. पण ब्रह्माच्या पायांवरची पिसे म्हणजे लोकरी मोजे नव्हेत. त्यांत ओला बर्फ आणि चिखल अडकून गोळे होतात आणि बोटे गारठतात. सिल्की मुलांची लाडकी, मांडीवर झोपणारी. मात्र तिच्या पिसांचे धागे एकमेकांत गुंतत नाहीत, त्यामुळे पाणी थेट कातडीपर्यंत पोचते. ओल्या थंडीत तिला जपावेच लागते.

‘गरीब’ जातीचे पिल्लू आणले की काम झाले, हाही भ्रमच. बफ ऑर्पिंग्टन स्वभावाने खरोखर मवाळ, इतकी की दांडग्या ऱ्होड आयलंड रेडच्या कळपात तिलाच टोचे खावे लागतात. जात निम्मे काम करते, उरलेले निम्मे रोज हातावर दाणे देणारे हात करतात. एकटी कोंबडी मात्र कधीच आणू नये. निदान तीन हव्यात. कोंबडा नसला तरी अंडी मिळतात, आणि अनेक शहरांत कोंबडा पाळायला बंदीच असते. लाडाने कोंबडीचे मुके घेणेही नको. साल्मोनेला धडधाकट दिसणाऱ्या पक्ष्याच्या अंगावरही असू शकतो. अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती पिल्ले देऊ नका असे सांगते, आणि मोठ्यांनीही शिवल्यावर साबणाने हात धुवायचे.

हिवाळ्यात अंडी आटली की दोष थंडीला जातो. खरा हिशेब उजेडाचा. अंडी घालायला कोंबडीला 14 ते 16 तासांचा उजेड लागतो. डिसेंबरात पुण्याला सुमारे 11 तास दिवस असतो, मिनियापोलिसला पावणेनऊच. पहिल्या हिवाळ्यात कोवळ्या तलंगा बहुधा घालत राहतात, पुढच्या वर्षी पिसे गळली की संप. त्यातून जी अंडी मिळतात ती तपकिरी असतील तर पाहुण्यांना ती ‘गावरान’ आणि अधिक सकस वाटतात. कवचाचा रंग जातीवर ठरतो, पोषणाशी त्याचा संबंध नाही.

दोन-तीन वर्षांनी अंडी कमी होत जातात. कोंबडी मात्र सात-आठ वर्षेही जगते. दुकानात पेटीसमोर उभे असताना हा हिशेब सहसा कुणी करत नाही. अंडी आटेपर्यंत घरातल्या मुलांनी तिचे बारसे केलेले असते, आणि नाव असलेल्या कोंबडीचा रस्सा कुणाच्या घशाखाली उतरत नाही.