लाखेची तबकडी

नागपूरच्या धंतोलीतील आमच्या जुन्या घराचे छत मागील पावसाळ्यात गळू लागले, तेव्हा माळ्यावरील सामान खाली उतरवणे भाग पडले. आणि पितळी हंडे, पाळण्याच्या साखळ्या व मोडक्या खुर्च्या यांच्यामागून जी पत्र्याची पेटी निघाली, तिच्यात 'हितवाद'च्या पिवळ्या पडलेल्या अंकांत गुंडाळलेल्या माझ्या काकांच्या अकरा तबकड्या होत्या. दहा शाबूत होत्या. अकरावी, जॅझचा तुतारीवादक लुई आर्मस्ट्राँग याची, वर ठेवलेल्या कशाच्या तरी भाराने दुभंगली होती. जिचा पृष्ठभाग काळ्याभोर आरशासारखा लखलखतो, त्या तबकडीची मोडलेली कड मात्र पाटीच्या दगडासारखी भुरकट आणि रवाळ असते, हे मी त्या दिवशी प्रथम पाहिले. तिच्यावर अंगठा फिरवला की काळसर भुकटी हाताला लागत होती. कपचीएवढा एक तुकडा निरांजनाच्या ज्योतीजवळ क्षणभर धरला, आणि पोस्टात रजिस्टर पाकिटावर मोहोर उठवताना जो वास दरवळत असे, नेमका तोच वास त्या खोलीत पसरला.

काका जंगलखात्यात कारकून होते. मध्यप्रांत व वऱ्हाड या मुलखाची राजधानी नागपुरास असताना भंडाऱ्याच्या कचेरीत लाखेचे मक्ते, लिलाव आणि पावत्या यांची बारनिशी ठेवण्याचे काम त्यांच्याकडे होते. या तबकड्या त्यांनी अजनीच्या रेल्वे वसाहतीतील एका अँग्लो-इंडियन गार्डाकडून, तो बिऱ्हाड मोडून विलायतेस जावयास निघाला तेव्हा, चावीच्या ग्रामोफोनासह विकत घेतल्या होत्या. घरात नाट्यसंगीताचे वेड; त्यात ही कर्णकर्कश तुतारी कोणाच्याच पचनी पडली नाही. मी सात-आठ वर्षांचा असेन. काका तबकडी दोन्ही तळहातांच्या कडांनी धरून फडक्याने पुसत आणि म्हणत, "बाळ, हिच्यात आपला पळस आहे." ते वाक्य मी पुढे कित्येक वर्षे एका रसिक माणसाची काव्यमय लकब म्हणून जपले. काका काव्य करीत नव्हते. ते आपल्या दप्तरातील नोंद सांगत होते, हे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली.

लाख म्हणजे आपली लाक्षा. पांडवांसाठी जिचे गृह रचले गेले तीच, आणि जिच्या रंगाने स्त्रियांचे तळपाय रंगत तीही. पळस, बोर आणि कुसुम या वृक्षांच्या कोवळ्या डहाळ्यांवर अतिसूक्ष्म कीटक वस्ती करतात, रस शोषतात आणि स्वतःभोवती राळेचे कवच चढवतात. ते कवच म्हणजे लाख. पळस-बोरीवरील ती रंगीनी आणि कुसुमावरील ती कुसुमी, अशा तिच्या दोन जाती. पैकी रंगीनीचे कातकी आणि बैसाखी असे वर्षात दोन हंगाम होतात. उत्पन्नाचा सिंहाचा वाटा छोटा नागपूरचा, हे मान्य केले पाहिजे, आणि म्हणूनच लाखेच्या संशोधनाची संस्थाही १९२४ साली रांचीजवळ नामकुम येथे स्थापन झाली. परंतु भंडारा, बालाघाट, रायपूर आणि बिलासपूर या आमच्या मध्यप्रांताच्या जंगलांतूनही लाख निघत असे, मिर्झापूरसारख्या ठिकाणच्या भट्ट्यांवर जात असे आणि तेथून कलकत्त्याच्या बंदरातून जगभर पसरत असे.

त्या भट्टीवरील काम पाहण्याजोगे होते असे काका सांगत. खरवडून, कुटून, धुऊन काढलेली दाणेदार लाख कापडाच्या कित्येक हात लांब, चिंचोळ्या पिशवीत भरत. पिशवीचे एक टोक कोळशाच्या धगीसमोर कारागिराच्या हाती आणि दुसरे टोक पीळ देणाऱ्या मदतनिसाच्या हाती असे. धगीने वितळलेली लाख पिळाबरोबर कापडातून पाझरे, ती गरम पाण्याने भरलेल्या गोल नळकांड्यावर पसरली जाई, आणि मग तिसरा माणूस ती मऊ चादर दोन्ही हातांत, पायांच्या बोटांत आणि दातांत धरून विस्तवासमोर उभा राही व ताणत ताणत स्वतःच्या उंचीएवढी करी. थंड झाल्यावर ती काचेसारखी तडकत असे, तोच चपडा. मनुष्याच्या दातांतून गेलेली ही वस्तू पुढे मनुष्याचाच कंठ धरून ठेवण्याच्या कामी आली, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

कारण एमिल बर्लिनर याच्या सपाट तबकडीला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जे मिश्रण मानवले, त्यात दगडाची पूड, काजळी आणि कापसाचे तंतू यांना एकजीव करणारा बंध लाखेचाच होता. पूड मुद्दाम खरखरीत ठेवीत, कारण पोलादी सुई तिच्यावर घासून खाचेच्या मापाची व्हावी लागे. म्हणून तर प्रत्येक बाजूस नवी सुई. दहा इंची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई आणि तीन मिनिटांत संपे. या तीन मिनिटांच्या मर्यादेत अमेरिकेतील कृष्णवर्णीय गायकांचे ब्लूज प्रथम जगासमोर आले: १० ऑगस्ट १९२० रोजी मेमी स्मिथने 'क्रेझी ब्लूज' ध्वनिमुद्रित केले, १९२३ साली बेसी स्मिथची पहिली तबकडी आली, आणि १९२६ पासून ब्लाइंड लेमन जेफरसन याच्यासारख्या, गिटार गळ्यात अडकवून गावोगाव हिंडणाऱ्या अंध गायकाचा आवाज डाकेने घरपोच विकला जाऊ लागला. जेफरसनच्या आणि पुढे १९२९ मध्ये चार्ली पॅटनच्या तबकड्या काढणारी पॅरामाउंट ही कंपनी मुळात विस्कॉन्सिन राज्यातील एका खुर्च्यांच्या कारखान्याची शाखा होती; खर्चात काटकसर म्हणून तिने हलक्या प्रतीचे मिश्रण वापरले. पॅटनच्या आवाजाभोवती आज जी सरसर ऐकू येते, जणू कोणी वाळलेली पळसपाने तुडवीत चालले आहे, ती निव्वळ काळाची करणी नव्हे. तेथे लाखेत कसर झाली आहे.

पुढे ब्लूजचा इतिहास वाचीत असता एका पानावर मी थबकलो. एप्रिल १९४२ मध्ये अमेरिकेच्या युद्धउत्पादन मंडळाने युद्धेतर कामासाठी लाखेच्या वापरात ७० टक्के कपात फर्मावली; लाख दारूगोळ्याच्या लेपासाठी आणि विद्युत उपकरणांसाठी हवी होती, आणि ती आणणारा सागरी मार्ग जपानच्या आरमारामुळे धोक्यात होता. जुन्या तबकड्या रद्दीच्या भावाने गोळा होऊन वितळवल्या जाऊ लागल्या. त्यातच १ ऑगस्ट १९४२ पासून तेथील वादक संघाने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार पुकारला, जो १९४४ पर्यंत टिकला. परिणामी चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी हे दोघे न्यूयॉर्कच्या रात्रींतून जॅझची संपूर्ण भाषा बदलत असताना त्या घडामोडीचा फारच थोडा अंश तबकडीवर उतरला. त्या पानावर बोट ठेवून मी बसलो होतो, आणि मला भंडाऱ्याच्या कचेरीतील ती बारनिशी दिसू लागली. हिच्यात आपला पळस आहे. काका एका तबकडीविषयी नव्हे, एका व्यवहाराविषयी बोलत होते. आणि ज्या संगीताला मी जन्मभर परक्या मुलखातून आलेला पाहुणा समजत होतो, ते आमच्याच जंगलाच्या राळेत ठसे उमटवून परत घरी आले होते.

या संगीताचा पाठलाग मी करू लागलो तो लघुलहरींवरून. 'व्हॉइस ऑफ अमेरिका'वर विलिस कॉनोव्हर यांचा जॅझचा कार्यक्रम १९५५ मध्ये सुरू झाला आणि १९९६ साली त्यांच्या निधनापर्यंत चालला. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशा श्रोत्यांसाठी ते मुद्दाम संथ, शब्द सुटा सुटा करून बोलत. तरीही त्यांचा आवाज लाटेसारखा येई व जाई, आणि वादकाचे नाव नेमके ओसरत्या लाटेत सापडे. मी शंभर पानी वहीत देवनागरीत लिहून ठेवी: नावाचा जो भाग कानी पडला तो, वाद्य, आणि एखादी खूण, म्हणजे 'संथ, पियानो अडखळत उतरतो' अशासारखी. धंतोलीत त्या काळी रात्री दहानंतर इतकी शांतता असे की अजनीच्या यार्डातील शंटिंग स्पष्ट ऐकू येई, आणि डब्यांची ती टक्कर अनेकदा ड्रमच्या ठोक्यात मिसळून जाई. वहीतील नावे उलगडायला वर्षे लागली. 'केनी डोरम' हा तुतारीवादक केनी डोरहॅम, हे मला हावडा–मुंबई मेलने मुंबईस गेलो असता काळाघोड्याच्या 'ऱ्हिदम हाउस'मध्ये एका अल्बमच्या पाठीवर वाचून समजले. ते दुकान २०१६ मध्ये बंद झाले, आणि माझ्यासारख्या कित्येकांचे मुंबईस जाण्याचे अर्धे कारण संपले.

अल्बमची पाठ! तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. पुढील बाजूस गायकाचे चित्र असते. पाठीवर बास कोणी वाजवला, ड्रमवर कोण, ध्वनिमुद्रण कोठे व कधी झाले, याचा तपशील असतो, आणि नव्या संग्रहाचा रस्ता त्या तपशिलातून जातो. माझा अनुभव असा की अनोळखी संगीतापर्यंत माणूस ओळखीच्या नावाचे बोट धरूनच पोहोचतो. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी अवकाशात धाडली. तीवर गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे हे समजताच, आपल्या माणसाच्या अभिमानाने मी तिच्यावरील इतर गाण्यांची यादी मिळवली. त्या यादीत ब्लाइंड विली जॉन्सन हे नाव होते. डिसेंबर १९२७ मध्ये डॅलस येथे मुद्रित झालेली त्याची ती तीन मिनिटे मी ऐकली: शब्द नाहीत, केवळ मिटल्या ओठांतला हुंकार आणि तारेवरून घसरत जाणारा, हुंकाराला जागोजाग टेकू देणारा गिटारचा स्वर. ज्याने मींडेवर प्रेम केले आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. केसरबाईंनी माझी त्याच्याशी गाठ घालून दिली नसती, तर ब्लूजच्या हजारो नावांत ते नाव मी ओलांडून गेलो असतो.

दुसरे बोट बेळगावचे. ठुमरीच्या शोभा गुर्टू तेथल्या. जन्म १९२५ चा, आई मेनकाबाई शिरोडकर स्वतः गायिका. १९८८ मध्ये निघालेल्या 'उस्फ्रेट' या अल्बमच्या पाठीवर त्यांचे नाव वाचून मी तो घेतला. तो त्यांचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू यांचा; तबला आणि पाश्चात्त्य ड्रम एकाच बैठकीत, जमिनीवर बसून वाजवणारा हा वादक आईचा कंठ मधोमध ठेवून भोवती अमेरिकन तुतारी आणि गिटार उभी करतो. ती तुतारी डॉन चेरी यांची. चेरी हे नाव धरून मी मागे गेलो तो १९५९ च्या ऑर्नेट कोलमनपर्यंत, ज्याच्यापुढे याआधी दोनदा मी हात टेकले होते; परंतु चेरींची तुतारी शोभाताईंच्या शेजारी ऐकून झाल्यावर तेच संगीत खुले झाले. तसाच प्रकार विश्वमोहन भट्ट आणि राय कूडर यांच्या १९९३ च्या 'अ मीटिंग बाय द रिव्हर'चा. दोघांची पहिली भेट आणि ध्वनिमुद्रण यांत तासाचेही अंतर नव्हते. कूडरच्या नावाने पुढे मालीच्या अली फर्का तूरेंकडे, भट्टांच्या नावाने ताजमहाल हे नाव धारण केलेल्या अमेरिकन ब्लूज गायकाकडे. एका संग्रहातून दोन दारे निघाली.

आज सारे संगीत खिशातल्या दूरध्वनीत आहे, आणि याचा मला मनापासून आनंद आहे. शिलाँगच्या 'सोलमेट'चे ब्लूज किंवा मिसिसिपीतील क्लार्क्सडेलच्या तरुण किंगफिशचा २०२१ चा '६६२' हा अल्बम मला धंतोलीत बसून, निघाल्याच्या दिवशी ऐकता येतो. तक्रार एकच आहे आणि ती मी तीव्रतेने करतो: त्या पडद्यावर पाठ नसते. गाणे संपते, त्यासारखे दुसरे आपोआप सुरू होते, आणि वाजवणारे हात अनामिक राहतात. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या तरुण मित्रांना मी एकच गोष्ट करावयास लावतो: आवडलेल्या गाण्यातील वादकांची नावे शोधून कागदावर स्वहस्ते लिहायची, आणि पुढला अल्बम गायकाच्या नव्हे, त्यातील एखाद्या वादकाच्या नावाने शोधायचा. एकीने अशा रीतीने ऱ्हियानन गिडन्सच्या बँजोपासून आरंभ करून तिचे गुरू, उत्तर कॅरोलायनातील वृद्ध फिडलवादक जो थॉम्प्सन, यांच्यापर्यंत मजल मारली, आणि ते मला ऐकवले. मला ते नाव ठाऊक नव्हते.

दुभंगलेली तबकडी मी टाकली नाही. तिचे दोन तुकडे आणि माझी जुनी वही आता एकाच फडताळात आहेत. वहीत न उलगडलेल्या नऊ ओळी शिल्लक होत्या. पैकी एक, 'अर्बी निकल, पियानो, ड्रमला प्रश्न विचारतो', मागील महिन्यात लागली. तो हर्बी निकल्स. १९५५ साली 'ब्लू नोट'ने त्याची दोन छोटी ध्वनिमुद्रिते काढली आणि १९६३ मध्ये तो गेला, हयातीत जवळजवळ अज्ञातच. 'द थर्ड वर्ल्ड' हे त्याचे वादन सुरू झाले आणि पहिल्या काही स्वरांतच मी खुर्चीतून उठलो. वहीत त्या ओळीपुढे पेन्सिलीने बरोबरची खूण केली. तिच्या खालची ओळ अशी आहे: 'नाव ऐकू आले नाही. सॅक्सोफोन, फार हळू. मधेच मालगाडी गेली.'