वाघ दिसला नाही तरी पैसे वसूल!

होळीच्या आगेमागे चंद्रपूरहून गाडी काढा. ताडोबा करा, पण तिथूनच माघारी फिरू नका. आष्टी, आलापल्ली करत थेट भामरागड गाठा. सागाची पानं गळाल्याने जंगल आरपार दिसतं आणि चंद्रपूरचं ऊनही अजून पुरतं पेटलेलं नसतं. वाटेवरचा हा ऐवज:

मान थोरला, आकार धाकटा. ताडोबा 1955 साली राष्ट्रीय उद्यान झालं. राज्यातलं हे सर्वांत जुनं. पण खुद्द उद्यान जेमतेम 116.55 चौरस किलोमीटरचं! अंधारी अभयारण्य आणि बफर धरला की व्याघ्र प्रकल्प सुमारे 1,727 चौरस किलोमीटरवर जातो. म्हणजे मूळ उद्यान साधारण पंधरावा हिस्सा.

वाघाशी झुंजलेला देव. ताडोबा तळ्याकाठी मोठ्या झाडाखाली तारूचं ठाणं आहे. गावचा हा प्रमुख वाघाशी लढताना मेला आणि आदिवासींचा देव झाला, असं सांगतात. त्याची जत्रा पौषातली. तळ्यात मगरी आहेत, तेव्हा पाय बुडवायचा मोह आवरा.

दिवसाढवळ्या भूत. पानं झडली की पांढरंफटक, गुळगुळीत खोड उघडं पडतं ते कढईचं झाड. पर्यटकांच्या भाषेत ‘भुताचं झाड’. जवळ गेलात तर खोडावर कागदासारखे पापुद्रे सुटलेले दिसतील. शेजारचा ऐन मात्र मगरीची पाठ पांघरून उभा!

मोहाची पहाटपाळी. मोहाची फुलं रात्री उमलतात आणि उजाडायच्या सुमारास टपटप गळतात. पिवळसर, मांसल, बोटांना चिकटणारी. बायका-पोरं टोपल्या घेऊन भल्या पहाटे झाडाखाली हजर असतात. अस्वलही याच फुलांचं शौकीन, त्यामुळे वेचणाऱ्यांचे कान सतत टवकारलेले.

काळा पट्टा दिसला तर घाबरू नका. महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून. रस्त्याकडेचं गवत जळून काळं पडलेलं दिसलं, तर बऱ्याचदा ती वनविभागाने मुद्दाम जाळलेली जाळरेषा असते. पुढे आग आलीच, तर तिला खायला तिथे काही उरत नाही.

दोन नद्या, तिसरं नाव. आष्टीपलीकडे चपराळा अभयारण्य लागतं. त्याच्या परिसरात वर्धा आणि वैनगंगा एकत्र येतात आणि पुढे प्राणहिता म्हणून वाहतात. भामरागडचा थाट आणखी मोठा: इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतमी, तिघींचा संगम.

अयोध्येची दारं. राम मंदिराच्या दारांसाठी सागवान गेलं ते याच पट्ट्यातलं. मार्च 2023 मध्ये बल्लारपूरहून त्याची वाजतगाजत रवानगी झाली. असा साग उभा बघायचा तर ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ गाठा. अवघ्या सहा हेक्टरांचा हा तुकडा 2014 मध्ये राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ ठरला.

पगारी हत्ती आणि पाहुणे हत्ती. कमलापूरला वनविभागाचा हत्ती कॅम्प आहे. लाकूड ओढण्याच्या कामासाठी इथे हत्ती पाळले गेले. 2021 मध्ये छत्तीसगडकडून रानहत्तींचा कळप गडचिरोलीत शिरला. पाहुण्यांनी मुक्काम लांबवला आणि भातशेतीवाल्यांची झोप उडाली.

शेवटच्या टप्प्यावर दवाखाना. भामरागडच्या अलीकडे हेमलकसा. बाबा आमट्यांनी 1973 मध्ये इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला; दवाखाना त्याचाच. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तो वाढवला. 2008 मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

निघण्यापूर्वी. ताडोबाच्या गाभा क्षेत्रातली सफारी मंगळवारी बंद आणि तिथे मोबाइलला मनाई. म्हणजे वाघ दिसलाच, तर पुरावा मागणाऱ्यांना तोंडी वर्णनावर भागवावं लागेल. आणि मंगळवारच हाती असेल तर? सरळ आलापल्लीचा रस्ता धरा. मोह काही सुट्टी घेत नाही.